एकासनी शर्यतींची शिडी

मोटारींच्या शर्यतीचें नांव निघालें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहतें. जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, लांबट गाडी. बाहेर उघडीं पडलेलीं चार रुंद चाकें. मध्यभागीं शिरस्त्राण घातलेला एकटा चालक. आणि कानठळ्या बसविणारा आवाज. या चित्राला 'फॉर्म्युला वन' असें एकच नांव देऊन लोक मोकळे होतात. वस्तुतः फॉर्म्युला वन ही एका उंच शिडीची अगदीं वरची पायरी आहे. त्या पायरीवर साऱ्या जगांतून जेमतेम वीस-बावीस चालकांना एका वेळीं उभें राहतां येतें. तिच्या खालच्या पायऱ्यांवर युरोपांत, आशियांत, अमेरिकेंत शेंकडों तरुण वर्षानुवर्षें झगडत असतात. त्यांतील बहुतेकांचीं नांवें जगाला कधींच कळत नाहींत.

ही शिडी कशी बांधलेली आहे, तिच्या प्रत्येक पायरीवर चालक काय शिकतो, आणि अंगीं गुण असूनहि एखादा मध्येंच कां अडतो, हें समजून घ्यावयाचें तर एका माणसाची वाटचाल डोळ्यांपुढें ठेवणें सोयीचें. नारायण कार्तिकेयन हे फॉर्म्युला वनच्या शर्यतींत उतरलेले पहिले भारतीय. लोकांच्या स्मरणांत ते तेवढ्याच गोष्टीसाठीं राहिले आहेत. पण १९९३ पासून २०१८ पर्यंतच्या पंचवीस वर्षांत ते ज्या ज्या निरनिराळ्या एकासनी गाड्यांतून धांवले, त्यांची यादी पाहिली म्हणजे या खेळाचा जणूं सगळा नकाशाच उलगडतो.

प्रथम 'फॉर्म्युला' या शब्दाचा अर्थ. येथें त्याचा अर्थ केवळ नियमांचा संच एवढाच आहे. इंजिन किती मोठें असावें, गाडीचें वजन किमान किती असावें, टायर कोणते असावेत, पुढेंमागें पंख असावेत कीं नसावेत, हें त्या संचांत ठरविलेलें असतें. जी गाडी त्या नियमांत बसते ती त्या फॉर्म्युल्याची. असे फॉर्म्युले पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाची स्पर्धा वेगळी. फॉर्म्युला वनची जागतिक चालक-स्पर्धा १९५० सालीं इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथें सुरू झाली, आणि तेव्हांपासून इतर सर्व फॉर्म्युले तिच्याकडे पाहूनच आपली उंची मोजूं लागले.

खालच्या पायरीवर बहुधा 'कार्ट' असतें. चार लहान चाकें, एक नळ्यांची चौकट व मागें एक छोटें इंजिन, एवढाच त्याचा संसार. आजकाल सात-आठ वर्षांचीं मुलें त्यावर शर्यती करूं लागतात. त्याच्या वर फॉर्म्युला फोर्ड किंवा तत्सम एखादी स्पर्धा. फॉर्म्युला फोर्ड ही इंग्लंडांत १९६७ सालीं सुरू झालेली. त्या गाडीला साध्या मोटारींतलें फोर्डचें इंजिन असे आणि पंख मुळींच नसत. त्यावर फॉर्म्युला थ्री: दोन लिटरांचें इंजिन, दोनशेंहून थोडी अधिक अश्वशक्ति, आणि पुढेंमागें पंख. त्याच्यावर, १९८५ ते २००४ या काळांत, फॉर्म्युला ३०००: तीन लिटरांचें इंजिन आणि सुमारें साडेचारशें अश्वशक्ति. आणि सर्वांत वर फॉर्म्युला वन. २००५ सालच्या फॉर्म्युला वन गाडींत दहा नळकांड्यांचें तीन लिटरांचें इंजिन होतें, आणि त्याची शक्ति नऊशें अश्वांच्या आसपास जात असे. चालकासह गाडीचें वजन मात्र अवघें सहाशें किलोच्या सुमाराचें.

हे आंकडे ऐकून असें वाटतें कीं वरच्या पायरीवर जाणें म्हणजे फक्त अधिक वेग सहन करणें. पण खरी अडचण वेगाची नाहीं. बिनपंखांच्या गाडींत चालक पाठीनें आणि तळहातांनीं गाडीचें बोलणें ऐकतो. मागचीं चाकें किंचित् घसरूं लागलीं कीं तो स्टीअरिंग हलकेंच उलट फिरवितो आणि तोल सांवरतो. चार टायरांची पकड हेंच त्याचें भांडवल, आणि वेग वाढला कीं तें भांडवल लवकर संपतें. पंख असलेल्या गाडींत हिशेब बदलतो. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. शर्यतीच्या गाडीचा पंख उलटा बसविलेला असल्यामुळें तो गाडीला खालीं दाबतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. म्हणजे वेगवान वळणांत चालकानें भिऊन पाय उचलला तर दाब कमी होतो आणि गाडी अधिकच सुटूं पाहते; न भितां आंत शिरला तर ती रस्त्याला चिकटून जाते. बिनपंखांच्या गाडींत ज्या सांवधपणानें त्याला वांचविलें, तोच सांवधपणा आतां त्याचा शत्रु होतो. त्याशिवाय उंच फॉर्म्युल्यांतील कार्बनचे ब्रेक थंड असतांना नीट धरतच नाहींत, टायर ठराविक उष्णतेखेरीज पकड देत नाहींत, आणि मानेवर व छातीवर पडणारा भार वळणागणिक शरीराच्या वजनाच्या अनेकपट होतो. म्हणून प्रत्येक नव्या स्पर्धेंत चालकाला आपलें हातवळणीचें शिक्षण कांहीं अंशीं विसरावें लागतें.

कार्तिकेयन यांचा जन्म १४ जानेवारी १९७७ चा. घर कोइमतुरचें, आणि घराचें वातावरण मोटारींचें. वडील जी. आर. कार्तिकेयन हे मोटार-रॅलींतील नामांकित चालक होते. त्या काळीं दक्षिणेंत शर्यतींची परंपरा मद्रासजवळ शोळावरम येथील युद्धकालीन, वापरांतून गेलेल्या विमान-धांवपट्टीवर चालत आलेली होती. पुढें श्रीपेरुंबुदूरजवळ खास शर्यतींसाठीं बांधलेला मार्ग झाला. कोइमतुरचेच एस. करिवर्धन यांनीं मारुती ८०० या घरगुती मोटारीचें इंजिन बसवून एक स्वस्त एकासनी गाडी तयार केली होती, आणि तिच्यामुळें 'फॉर्म्युला मारुती' ही स्पर्धा उभी राहिली. ज्या इंजिनानें एखादें मध्यमवर्गीय कुटुंब बाजारहाट करी, त्याच इंजिनावर भारतांतील एका पिढीनें शर्यतीचे धडे घेतले. करिवर्धन यांचें हें काम फारसें प्रसिद्ध नाहीं. परंतु शिडीची पहिली पायरी घराच्या दारापाशीं असल्याशिवाय कोणी वर चढत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें मोल कळतें.

पंधरा वर्षांचे असतांना, १९९२ सालीं, कार्तिकेयन फ्रान्समधील एल्फ-विनफील्ड या शर्यत-शाळेंत शिकून आले. १९९३ सालीं ते फॉर्म्युला मारुतींत धांवले, आणि त्याच वर्षीं ब्रिटनमधील एका प्राथमिक स्पर्धेंतहि उतरले. दुसऱ्या वर्षीं, १९९४ मध्यें, त्यांनीं ब्रिटिश फॉर्म्युला फोर्डची हिंवाळी मालिका जिंकली. युरोपांत मोटार-शर्यतींचें विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय. श्रीपेरुंबुदूरच्या उन्हांतून निघून इंग्लंडच्या ओल्या, थंड रस्त्यांवर एका वर्षाच्या आंत विजय मिळविणें ही गोष्ट लहान नव्हे.

येथून सरळ वर चढावें अशी साधी अपेक्षा. पण १९९५ सालीं ते आशियांत परतले आणि 'फॉर्म्युला एशिया' या स्पर्धेंत धांवूं लागले. शर्यतीच्या जगाचें एक कठोर सत्य येथें प्रथम भेटतें. क्रिकेटपटूला संघ निवडतो आणि मानधन देतो. खालच्या फॉर्म्युल्यांत मात्र चालकच संघाला पैसे देतो. गाडी, टायर, इंजिनाची दुरुस्ती, यांत्रिक, प्रवास, सराव, या सर्वांचा खर्च चालकानें किंवा त्याच्या पुरस्कर्त्यानें उचलावयाचा असतो, आणि पायरी जितकी वरची तितका तो आंकडा मोठा. युरोपांतील मुलाला हा खर्च जड जातोच. भारतांतून जाणाऱ्यास त्यावर परदेशीं राहण्याचा खर्च, शिवाय ज्या खेळाला मायदेशीं प्रेक्षक नाहीं त्यासाठीं पुरस्कर्ता शोधण्याची यातायात. आशियांतील स्पर्धा जवळची आणि तुलनेनें स्वस्त होती. १९९६ सालीं कार्तिकेयन यांनीं फॉर्म्युला एशियाचें विजेतेपद मिळविलें. ते मिळविणारे ते पहिले भारतीय आणि पहिले आशियाई चालक. त्या विजेतेपदानें त्यांना युरोपची वाट पुन्हां उघडून दिली. बाजूला टाकलेलें पाऊलहि कधीं कधीं पुढें नेतें, तें असें.

१९९७ सालीं ते ब्रिटनमध्यें फॉर्म्युला ओपेलमध्यें धांवले, डॉनिंग्टन येथें एक शर्यत जिंकली, आणि १९९८ पासून ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्यें आले. ती स्पर्धा म्हणजे त्या काळची सर्वांत कठीण चाळण. बहुतेकांच्या गाड्या इटलीच्या डल्लारा कारखान्याच्या, इंजिनें जवळजवळ सारख्या ताकदीचीं, त्यामुळें एका सेकंदाच्या दहाव्या भागांत पांच-सहा जण बसत. १९९९ सालीं कार्लिन संघाकडून कार्तिकेयन यांनीं ब्रँड्स हॅच येथें विजय मिळविले आणि वर्षाअखेर ते सहावे आले. त्याच वर्षीं त्याच स्पर्धेंत जेन्सन बटन हा इंग्रज तरुण तिसरा आला होता. २००० सालच्या मार्चमध्यें बटन विल्यम्स संघाच्या फॉर्म्युला वन गाडींत बसला, आणि २००९ सालीं जगज्जेता झाला. त्याच सुमारास या स्पर्धेंत जपानचा ताकुमा सातो आला. त्याच्या पाठीशीं होंडा कंपनी उभी होती. २००१ सालीं ब्रिटिश फॉर्म्युला थ्री जिंकून तो २००२ सालीं जॉर्डन संघांतून फॉर्म्युला वनमध्यें पोंचला.

बटन व सातो यांच्या गुणवत्तेविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु पाठबळ म्हणजे काय, हें या तुलनेवरून कळतें. ज्या देशांत मोटारींचे कारखाने शर्यतींना आपल्या कीर्तीचें साधन मानतात, त्या देशाच्या चालकाला शिडीच्या बाजूला एक कठडा मिळतो. ज्या देशांत तसें नाहीं, त्याच्या चालकाला हात सोडून चढावें लागतें. कार्तिकेयन यांनीं २००० सालीं दक्षिण कोरियांत चांगवोन येथें झालेली फॉर्म्युला थ्रीची मोठी आंतरराष्ट्रीय शर्यत जिंकली. तरी फॉर्म्युला वनच्या दाराशीं पोंचण्यास त्यांना आणखी पांच वर्षें लागावयाचीं होतीं.

२००१ सालीं ते जपानला गेले. तेथील 'फॉर्म्युला निप्पॉन' ही फॉर्म्युला ३००० च्या तोडीची स्पर्धा. त्याच वर्षीं १४ जून रोजीं सिल्व्हरस्टोन येथें जॅग्वार संघानें त्यांना चांचणीसाठीं आपली गाडी दिली. फॉर्म्युला वनची गाडी चालविणारे ते पहिले भारतीय ठरले. परंतु चांचणी वेगळी आणि नेमणूक वेगळी. पुढील तीन वर्षें ते निसानच्या नांवानें चालणाऱ्या 'वर्ल्ड सिरीज' या स्पर्धेंत युरोपांत धांवत राहिले. २००३ सालीं दोन शर्यती जिंकून ते तेथें चौथे आले. त्याच सुमारास मिनार्डी या लहान इटालियन संघानें त्यांना २००४ सालासाठीं फॉर्म्युला वनमध्यें जागा देऊं केली. त्या जागेसाठीं लागणारा पुरस्काराचा पैसा वेळेवर उभा राहिला नाहीं, आणि संधि गेली. वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, बारा वर्षें घाम गाळून, दार उघडलेलें असतां केवळ रकमेअभावीं उंबऱ्यावरून परतावें लागणें, यापेक्षां या खेळाचें अधिक स्पष्ट वर्णन करतां येणार नाहीं. त्यांनीं दुसऱ्या वर्षीं पुन्हां वर्ल्ड सिरीजमध्येंच गाडी चालविली आणि पुन्हां शर्यती जिंकल्या.

अखेर २००५ च्या फेब्रुवारींत जॉर्डन संघानें त्यांच्याशीं करार केला. टाटा उद्योगसमूहाचें नांव त्यांच्यासह फॉर्म्युला वनमध्यें आलें. ६ मार्च २००५ रोजीं मेलबोर्न येथें ऑस्ट्रेलियन ग्रां प्रीमध्यें ते प्रथम उतरले. आरंभींच्या रांगेंत बारावे स्थान मिळवून त्यांनीं शर्यत पंधराव्या क्रमांकावर पुरी केली. जॉर्डन हा एके काळचा विजयी संघ तेव्हां उतरणीला लागला होता. त्याची गाडी सर्वांत मंद गाड्यांपैकीं होती. एकासनी शर्यतीचें दुसरें सत्य येथें दिसतें. खालच्या फॉर्म्युल्यांत गाड्या जवळजवळ सारख्या असल्यानें चालकाची परीक्षा होते. फॉर्म्युला वनमध्यें प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः घडवितो, आणि मग परीक्षा कारखान्याची होते. मागच्या रांगेंतल्या चालकाला आपल्या सहकाऱ्याशीं आणि घड्याळाशींच लढावें लागतें. निळें निशाण दिसलें कीं एक फेरी पुढें असलेल्याला मुकाट्यानें वाट द्यावी लागते.

१९ जून २००५ रोजीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें एक विलक्षण प्रसंग घडला. त्या मार्गाचें शेवटचें वळण उतरतें बांधलेलें होतें, आणि तेथें पूर्ण वेगानें जातांना मिशेलिन कंपनीचे टायर दगा देत असल्याचें सरावांत दिसून आलें. वळणावर वेग कमी करण्याची कांहीं योजना व्हावी अशी मागणी झाली. ती मान्य झाली नाहीं. शर्यतीपूर्वींची फेरी पुरी होतांच मिशेलिनचे टायर असलेल्या चौदाहि गाड्या आंत वळल्या आणि ब्रिजस्टोनचे टायर वापरणाऱ्या तीन संघांच्या अवघ्या सहा गाड्यांची शर्यत झाली. प्रेक्षकांनीं आरडाओरड केली, मार्गावर बाटल्या फेंकल्या. मायकेल शूमाखर पहिला, रुबेन्स बारिकेलो दुसरा, कार्तिकेयन यांचा सहकारी टियागो मोंतेइरो तिसरा, आणि कार्तिकेयन चौथे. चौथ्या क्रमांकाचे पांच गुण. भारतीयाला जागतिक स्पर्धेंत मिळालेले हे पहिले गुण, आणि कार्तिकेयन यांच्या फॉर्म्युला वनमधील एकूण कारकीर्दींतील सर्व गुणहि तेवढेच.

त्या पांच गुणांकडे कोणी कुत्सितपणें पाहतो, कोणी अभिमानानें. दोन्हीं दृष्टि अपुऱ्या आहेत. सहाच गाड्या होत्या हें खरें. पण त्या दिवशीं त्या सहांत असण्यासाठीं श्रीपेरुंबुदूरपासून चालून यावें लागलें होतें, हेंहि तितकेंच खरें.

त्या हंगामानंतर जॉर्डन हें नांव संपलें. संघाची मालकी आधींच बदलली होती. पुढें त्याचेंच मिडलंड, मग स्पायकर, आणि २००८ सालीं फोर्स इंडिया असें नामांतर होत गेलें. कार्तिकेयन यांना विल्यम्स संघांत चांचणी-चालकाचें काम मिळालें. चांचणी-चालक म्हणजे पडद्यामागचा नट. नवे भाग, नवे टायर यांची तो शेंकडों फेऱ्या मारून पारख करतो, आणि रविवारीं दुसऱ्याला गाडींत बसतांना पाहतो. मधल्या काळांत त्यांनीं 'ए-वन ग्रां प्री' या स्पर्धेंत भारताच्या संघाचें सारथ्य केलें. तेथें संघ देशांच्या नांवाचे असत आणि सर्वांना गाडी एकाच नमुन्याची मिळे. कारखान्याचा पडदा दूर झाला तेव्हां काय झालें? डिसेंबर २००७ मध्यें चीनमधील झुहाई येथें आणि मे २००८ मध्यें ब्रँड्स हॅच येथें भारताच्या गाडीनें मुख्य शर्यत जिंकली. फॉर्म्युला वनच्या तळाशीं दिसणारा चालक सारख्या गाडींत बसल्यावर कोठें पोंचूं शकतो, याचा हा पुरावा होता. २०१० सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. त्या वर्षीं ते अमेरिकेंत जाऊन नॅसकारच्या ट्रकांच्या शर्यतींतहि धांवले, म्हणजे एकासनी गाडी सोडून अगदींच निराळ्या प्रांतांत.

२०११ सालीं, सहा वर्षांच्या खंडानंतर, हिस्पानिया या स्पॅनिश संघातून ते फॉर्म्युला वनमध्यें परतले. हा संघ पैशानें इतका दुबळा कीं त्याच्या गाड्यांना कधीं कधीं पात्रतेची वेळहि गांठतां येत नसे. वर्षाच्या मध्यावर त्यांची जागा रेड बुलच्या पाठबळावर आलेल्या डॅनिएल रिकार्डो या तरुणाला देण्यांत आली. तरीहि ३० ऑक्टोबर २०११ रोजीं दिल्लीजवळ ग्रेटर नोइडा येथें पहिली इंडियन ग्रां प्री झाली तेव्हां दुसऱ्या सहकाऱ्याच्या जागीं कार्तिकेयन यांना गाडी मिळाली. स्वदेशाच्या भूमीवर त्यांनीं सतरावा क्रमांक मिळविला आणि अठराव्या क्रमांकावर आलेल्या रिकार्डोला मागें टाकलें. हाच रिकार्डो पुढें आठ ग्रां प्री जिंकला. २०१२ चा हंगाम संपतांच हिस्पानिया संघ बंद पडला, आणि तिसऱ्या वर्षानंतर, २०१३ च्या शर्यतीनंतर, इंडियन ग्रां प्रीहि थांबली.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, सर्वांत वरच्या पायरीवरून उतरल्यावर, बहुतेक चालक शिरस्त्राण खुंटीला लावतात. कार्तिकेयन यांनीं एक वर्ष युरोपांतील 'ऑटो जीपी' मालिकेंत काढलें आणि २०१४ पासून पुन्हां जपान गांठलें. फॉर्म्युला निप्पॉनचें नांव आतां 'सुपर फॉर्म्युला' झालें होतें. ही स्पर्धा भारतांत फारशी ठाऊक नाहीं. परंतु वळणांतील वेगाच्या दृष्टीनें तिच्या गाड्या फॉर्म्युला वनच्या फार जवळ जातात. फॉर्म्युला वनच्या उंबऱ्यावर असलेले स्टोफेल वांडोर्न २०१६ सालीं व पिएर गास्ली २०१७ सालीं तेथेंच धार लावून घेण्यास आले होते. शिवाय जपानमधील व्यवस्था निराळी. टोयोटा व होंडा हे कारखाने तेथील स्पर्धेचा कणा असल्यामुळें चांगल्या चालकाला तेथें वेतन मिळतें. आसन विकत घेण्याची पाळी येत नाहीं. एकच चालक, एकच कसब. एका देशांत तो खर्चाची बाब ठरतो, दुसऱ्यांत तो कामाचा माणूस. २०१८ पर्यंत ते या स्पर्धेंत धांवले, म्हणजे चाळिशी ओलांडीपर्यंत. २०१९ सालीं ते बंद गाड्यांच्या सुपर जीटी स्पर्धेंत गेले, आणि नोव्हेंबरमध्यें फुजी येथें जपानी व जर्मन गाड्यांची संयुक्त शर्यत झाली, तींत त्यांनीं दुसऱ्या दिवसाची शर्यत जिंकली.

कार्तिकेयन चढले त्या शिडीच्या पायऱ्या वेड्यावांकड्या होत्या. एकीवरून दुसरीवर उडी कोठें मारावी हें ज्याचें त्यानें ठरवावें. त्यानंतर जागतिक संघटनेनें ती सरळ केली. आतां कार्टनंतर फॉर्म्युला फोर, मग फॉर्म्युला थ्री, मग फॉर्म्युला टू आणि शेवटीं फॉर्म्युला वन असा क्रम आहे. मॅक्स वेर्स्टापेन २०१५ सालीं सतराव्या वर्षींच फॉर्म्युला वनमध्यें आला, त्यानंतर २०१६ पासून नियम कडक झाले: वय किमान अठरा, आणि तीन वर्षांत मान्य स्पर्धांतून चाळीस गुण. फॉर्म्युला टूमध्यें पहिल्या तीन क्रमांकांत येणाऱ्यास ते चाळीस गुण एकदम मिळतात.

या नव्या शिडीवर मुंबईचे जेहान दारूवाला चढले. १९९८ सालीं जन्मलेले हे पारशी तरुण २०११ सालीं फोर्स इंडिया संघानें भारतभर केलेल्या निवडींतून पुढें आलेल्या तिघांपैकीं एक. ज्या संघांतून कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्यें गेले, त्याच संघाचा हा नवा अवतार होता. दारूवाला फॉर्म्युला रेनो, युरोपीय फॉर्म्युला थ्री या पायऱ्यांनीं वर आले. २०१९ सालीं जागतिक संघटनेच्या फॉर्म्युला थ्रीमध्यें तिसरे आले. डिसेंबर २०२० मध्यें बहरीनमधील साखीर येथें त्यांनीं फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. अशी शर्यत जिंकणारे ते पहिले भारतीय. चार हंगामांत त्यांनीं तेथें चार विजय मिळविले. तरी वरचें दार उघडलें नाहीं, आणि २०२४ सालीं ते विजेच्या एकासनी गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेंत गेले. शिडी सरळ झाली, पायऱ्यांवर क्रमांक आले, पण वर जागा तेवढ्याच राहिल्या.

मग या धडपडीचें फळ काय? गुणांच्या तक्त्यावर कार्तिकेयन यांच्या नांवापुढें पांच हा आंकडा आहे, आणि तो आंकडा कधींच बदलणार नाहीं. परंतु ज्या खेळांत चालकाची किंमत त्याच्या गाडीवरून ठरते, त्या खेळांत एकाच तक्त्यावरून माणूस मोजणें म्हणजे नावेवरून नावाड्याची परीक्षा करणें होय. त्याला मोजावयाचें तर तो किती निरनिराळ्या नावांत बसला आणि प्रत्येकीचें वल्हें त्यानें कसें आत्मसात् केलें हें पाहिलें पाहिजे. मारुतीच्या इंजिनापासून दहा नळकांड्यांच्या इंजिनापर्यंत, श्रीपेरुंबुदूरपासून फुजीपर्यंत, ज्या स्पर्धेंत सारख्या गाडीवर सारख्यांशीं सामना झाला तेथें कार्तिकेयन यांनीं विजय मिळविला. जेथें पैशाचा आणि कारखान्याचा सामना होता तेथें ते टिकून राहिले. यापुढें एखादा भारतीय तरुण त्या वरच्या पायरीवर पोंचला आणि तेथें जिंकला, तर त्याच्या कसबाइतकेंच श्रेय त्याच्या मागें उभ्या राहणाऱ्या कारखान्यांना, पुरस्कर्त्यांना आणि घराजवळच्या शर्यत-मार्गांना द्यावें लागेल. शिडी एकट्यानें चढतां येते. ती धरून ठेवण्यास मात्र अनेक हात लागतात.